गृहवैद्यक : पोटांत छिद्र पडतें तेव्हां

अक्कलकोटासारख्या गांवीं, भरल्या घरांत, रात्रीं कोणाचें पोट दुखूं लागलें कीं प्रत्येक वडीलधाऱ्यापाशीं एकेक उपाय तयार असतो. कोणी ओंवा व काळें मीठ पुढें करतें, कोणी एरंडेल पाजूं पाहतें, कोणी कपाटांतील वेदनाशामक गोळी काढतें. परंतु एक दुखणें असें आहे कीं, त्यांत ही मायाच रोग्याच्या जिवावर बेतते. तें म्हणजे जठरास अथवा आंतड्यास छिद्र पडणें.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. उदररोगाच्या आठ प्रकारांत सुश्रुतानें ‘परिस्रावी’ उदर वर्णिलें आहे. चरक त्यास ‘छिद्रोदर’ म्हणतो. अन्नाबरोबर गेलेल्या शल्यानें आंतडें भेदलें जातें, असें त्याचें कारण दिलें आहे. पोट उघडून शल्य काढावें, छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडाव्या व मुंग्यांचीं मस्तकें तशींच ठेवून पोट शिवावें, अशी सुश्रुताची योजना आहे.

आज शल्य हें कारण क्वचित आढळतें. प्रौढांत बहुधा जठराचा किंवा लहान आंतड्याच्या आरंभींचा व्रण फुटतो. त्याच्या मुळाशीं बहुतेक वेळां हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा सांधेदुखीच्या गोळ्या असतात. धूम्रपान त्यांत भर घालतें. मार्शल व वॉरन यांनीं १९८२ सालीं या जंतूकडे लक्ष वेधीपर्यंत सारा दोष चिंता व तिखट यांवरच ठेवला जाई. विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास लहान आंतड्याच्या शेवटच्या भागास छिद्र पडूं शकतें. आंतड्याचा क्षय, फुटलेलें आंत्रपुच्छ, कर्करोग व पोटावरील मार हींही कारणें होत.

व्रण फुटतांच सुरी खुपसावी तशी कळ उठते. थोड्याच वेळांत पोट फळीसारखें कडक होतें. मुतखड्याचा रोगी तळमळत कुशी बदलतो. हा मात्र निपचित पडून राहतो, कारण दीर्घ श्वासही त्यास सोसवत नाहीं. पुढें घाम, जलद नाडी, ताप व पोटफुगी येते.

सर्वांत फसवी गोष्ट निराळीच आहे. कांहीं तासांनीं कळ पुष्कळदां उणावते. ओंवा लागू पडला असें वाटून घरचे दिवा मालवून निजतात. वस्तुतः पोटांत पाझरलेल्या द्रवानें आम्ल सौम्य झालेलें असतें, आणि त्याच वेळीं जंतू वाढत असतात. वृद्ध, मधुमेही व स्टिरॉइड घेणारे यांची कळ तर आरंभापासूनच मंद असूं शकते.

म्हणून अशा रोग्यास पाण्याचा घोटही देऊं नये. रेचक व शेक तर नकोच. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सोलापूर अक्कलकोटाहून सुमारें ४० किलोमीटर असून तेथें डॉ. वैशंपायन स्मृति शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय आहे. वाट तासाभराची, ‘उजाडूं द्या’ म्हणण्यांत जाणारी रात्र मात्र आठ तासांची असते.

रुग्णालयांत शिरेवाटे द्रव व प्रतिजैविकें देतात आणि नाकांतून नळी घालून जठर रिकामें करतात. उभ्यानें घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत मध्यपटलाखालीं हवेची कोर दिसली, तर निदान बहुधा ठरतें. न दिसल्यास सी.टी. स्कॅन करतात. मग भूल देऊन, पोट उघडून किंवा दुर्बिणीच्या साहाय्यानें, आंतील घाण धुऊन काढतात व जठराच्या छिद्रावर वपा टाक्यांनीं बसवितात. वपा म्हणजे आंतड्यांवर पदराप्रमाणें पसरलेला चरबीचा पडदा. हा शब्द आपल्या याज्ञिकांच्या परिचयाचा आहे. सेलन-जोन्स यांनीं १९२९ सालीं व ग्रॅहॅम यांनीं १९३७ सालीं मांडलेली ही रीत आजही चालते. आंतड्याचें छिद्र शिवतात. भाग फार बिघडला असल्यास तेवढा कापून काढतात, व प्रसंगीं मलमार्ग कांहीं काळ पोटावर काढून ठेवतात.

बरें झाल्यावर जंतूवरील औषधांचा क्रम पुरा करावा व तंबाखू सोडावी. आणि ज्या घरांत असें कांहीं घडलेलें नाहीं, तेथेंही एक काम आजच करावें. आजोबांच्या उशाशीं गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी असेल. ती किती दिवसांपासून व कोणाच्या सल्ल्यानें चालू आहे, हें त्यांस विचारावें.