ओडेसाचं वय किती? एका तुर्की प्रवाशाची साक्ष

आमच्या सोसायटीतली एक मुलगी ओडेसाला एमबीबीएस करत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि बाकीच्या पोरांसारखी तीही कशीबशी घरी पोचली. परवा बोलता बोलता म्हणाली, "काका, तिथे समुद्रावर एक उंच रस्ता आहे, झाडांचा. आम्ही रोज संध्याकाळी जायचो. तिथे पूर्वी किल्ला होता म्हणे, पण आता एक दगड दिसत नाही."

किल्ला म्हटलं की माझी झोप उडते, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

वर्षानुवर्षं सांगितली गेलेली गोष्ट अशी: इथे काही नव्हतं, ओसाड माळ होता. १७९४ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिने हुकूम काढला आणि शहर उभं राहिलं. आज हीच गोष्ट राजकारणात वापरली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये पुतिन यांनी ओडेसा हे रशियन शहर असल्याचं जाहीरपणे म्हटलं. म्हणजे शहराचं वय हा नुसता इतिहासाचा प्रश्न राहिलेला नाही.

आता साक्षीदार. एवलिया चेलेबी. जन्म १६११, इस्तंबूलचा. चाळीसेक वर्षं फिरला आणि दहा खंडांचं प्रवासवर्णन लिहून गेला. १६५७ मध्ये तो काळ्या समुद्राच्या या किनाऱ्यावर होता. नीस्टर आणि नीपर या दोन नद्यांच्या मुखांमधल्या पट्ट्यात तो एका जागेचं नाव नोंदवतो: होजाबाय. म्हणतो, बाय नावाच्या एका श्रीमंत माणसाने सुलतान बायझीदच्या परवानगीने इथे खडकावर गढी बांधली, शिबंदी ठेवली, मेंढ्यांचे कळप पाळले. समुद्रकाठच्या कड्यावर तिचं बांधकाम अजून उभं आहे. थोडी डागडुजी केली तर वस्ती होईल आणि वाट सुरक्षित होईल, असंही सुचवतो.

पण एवलिया भयंकर फेकूसुद्धा आहे! एर्झुरुमच्या थंडीत या छपरावरून त्या छपरावर उडी मारणारं मांजर हवेतच गोठलं, अशी कथा सांगणारा हाच गृहस्थ. मग विश्वास किती ठेवायचा?

माझं मत असं. त्याने ऐकलेलं एका बाजूला ठेवा आणि पाहिलेलं दुसऱ्या बाजूला. बायची गोष्ट ऐकीव आहे, आणि ती टिकतही नाही. पोलिश इतिहासकार द्वुगोश लिहितो की १४१५ मध्ये राजा यागिएलोने काचुबेय या बंदरातून कॉन्स्टँटिनोपलला धान्य पाठवलं. नाव जवळपास तेच. आणि तुर्कांनी जवळचं अक्करमान घेतलं ते १४८४ मध्ये. म्हणजे नाव तुर्की अमलाच्या आधीचं. नावावरून रचलेली दंतकथा आपल्याकडे गावोगावी सापडते, त्यातलाच हा प्रकार.

पण कड्यावरची पडकी गढी त्याने डोळ्यांनी पाहिली होती. वाटेवरची जागा, खडक, समुद्र, या गोष्टी फुगवून त्याला काय मिळणार होतं? पुढचे पुरावेही जुळतात. १७६० च्या दशकात तुर्कांनी इथेच येनी दुनिया नावाचा किल्ला बांधला. १७८९ मध्ये तो रशियन फौजेने घेतला. ज्या माळावर काही नव्हतं, तिथे घ्यायला किल्ला कुठून आला, एवढं तरी कुणी विचारावं! त्याच उंच रस्त्यावर आज काचेखाली प्राचीन ग्रीक वस्तीचे अवशेष ठेवलेले आहेत, ते वेगळेच.

गंमत बघा, ओडेसा हे नावसुद्धा चुकीच्या ओळखीतून आलंय. ओडेसोस ही प्राचीन ग्रीक वसाहत इथलीच, असं समजून नाव दिलं. ती खरी होती बल्गेरियातल्या वारना इथे. एवलियाला फेकू म्हणताना हेही लक्षात ठेवावं.

मग शहराचं वय १४१५ पासून धरायचं का? युक्रेनमध्ये अनेक जण तसं म्हणतात. कागद त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य. तरी वयावरून मालकी ठरवायच्या खेळात मी पडणार नाही. तो खेळ सुरू झाला की ग्रीक येतील, तातार येतील, पोलिश येतील, तुर्क तर आहेतच. जुन्या किल्ल्याची ओळख पटवायची ती आपल्या आधी कोण कोण राहून गेलं हे कळावं म्हणून. सातबाऱ्यावर नाव चढवायला नव्हे. शहर आज तिथे राहणाऱ्यांचं. जुलै २०२३ मध्ये क्षेपणास्त्राने तिथलं मोठं कॅथेड्रल फुटलं, तेव्हा ढिगारा उपसायला तीच माणसं होती.

बाकी, त्या मुलीला मी एवलियाची नोंद वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही रोज त्याच गढीवर बसायचो?"

म्हटलं, नेमकं तिथेच, असं नाही सांगता येणार. वर्णन आपल्याला त्या कड्यापर्यंत नेतं, बाकापर्यंत नाही. त्यापुढे जायचं तर कुदळ हवी. आणि कुदळ चालवायला आधी आकाश शांत हवं.