स्पाची वेबसाइट देखणी, मग बुकिंगसाठी फोन का करावा लागतो?

समजा, आईच्या वाढदिवसाला तिला स्पाची भेट द्यायची असं तुम्ही ठरवलं. वेबसाइट उघडली. फुलं, गोल काळे दगड, पांढरे टॉवेल. खाली 'स्वीडिश', 'बालिनीज', 'डीप टिश्यू' अशी नावं. शेजारी बसलेल्या आईचा पहिला प्रश्न, "मसाज करणारी बाईच असेल ना?" उत्तर कुठेच नाही. दुसरा प्रश्न, "मला बीपी आहे, चालेल का?" तेही नाही. शेवटी तुम्ही फोन लावता.

ही अडचण रंग किंवा फोटो बदलून सुटत नाही. त्यासाठी डिझाइनवाले 'यूजर रिसर्च' करतात.

म्हणजे नेमकं काय करतात?

"वेबसाइट आवडली का?" असं विचारलं की लोक भिडेखातर 'छान आहे' म्हणतात. म्हणून थेट काम दिलं जातं: शनिवारी संध्याकाळी दोघांसाठी 60 मिनिटांचा मसाज बुक करा आणि एकूण किती पैसे होतील ते सांगा. मग विचारणाऱ्याने गप्प बसायचं. बोट कुठे थांबतं, माणूस कुठून मागे फिरतो, कुठे 'हे काय आता?' असं पुटपुटतो, हे टिपून ठेवायचं.

यासाठी शेकडो लोक लागत नाहीत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 2000 साली मांडलं होतं की 5 जणांच्या चाचणीत साधारण 85 टक्के अडचणी समोर येतात. पण ते पाचही जण मालकाचे पंचविशीतले मित्र असतील, तर आईचा प्रश्न कधीच पुढे येणार नाही.

खरं तर सगळ्यात स्वस्त संशोधन रिसेप्शनवरच बसलेलं असतं. फोनवर लोक दिवसभर काय विचारतात ते आठवडाभर वहीत लिहून ठेवलं, तरी नव्या वेबसाइटचा अर्धा आराखडा तयार होतो.

मग यात वादाचा मुद्दा कुठे येतो?

लोक कुठे अडतात हे ज्या निरीक्षणातून कळतं, त्यातूनच लोक कुठे न बघता पैसे भरतात हेही कळतं. सेवा निवडली, वेळ निवडली, नाव-नंबर भरला. इतकं झाल्यावर शेवटच्या पानावर 'सुविधा शुल्क' दिसलं तरी बहुतेक जण मागे फिरत नाहीत. याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 'डार्क पॅटर्न'वर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. न विचारता कार्टमध्ये वस्तू किंवा देणगी टाकणं त्यात येतं. जागा रिकाम्या असताना 'शेवटचे 2 स्लॉट' असं खोटं दाखवणंही येतं. जून 2025 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगण्यात आलं.

त्यानंतर जीएसटी बदलला. 22 सप्टेंबर 2025 पासून सलून, जिम, स्पा अशा सेवांवरचा कर 18 वरून 5 टक्के झाला. म्हणजे 2,000 रुपयांच्या मसाजचे आधी 2,360 होत होते, आता 2,100 व्हायला हवेत. पण 5 टक्क्यांच्या दरात व्यावसायिकाला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. जागेच्या भाड्यावर, सामानावर भरलेला कर त्याच्याच खर्चात जमा होतो. त्यामुळे काहींनी मूळ दर वाढवला तर ते समजण्यासारखं आहे. तो वाढीव दर पहिल्याच पानावर दिसायला हवा, एवढंच. 'कर वेगळा' असं बारीक अक्षरात लिहून शेवटी आकडा दाखवला, तर ते 260 रुपये कुणाच्या खिशात गेले हे ग्राहकाला कसं कळणार?

बीपी, गरोदरपण, जुनी दुखापत यांची माहिती मागण्याचंही तसंच. मसाज देणाऱ्याला ती हवीच. पण नुसते दर बघायला आलेल्या माणसाकडे ती कशाला मागायची? ज्या कामासाठी संमती घेतली त्याला लागेल तेवढीच माहिती घ्यायची, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातलं तत्त्व आहे.

बुकिंग करताना दर दाखवणाऱ्या पहिल्या पानाचा आणि पैसे भरण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोन्हींतला फरक करापेक्षा जास्त निघाला तर आधी स्पाला विचारा. उत्तर मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.