भरपाईच्या आधी बैठक

वाचकहो, गावाकडून आलेल्या पाहुण्याला 'यंदा पीक कसे?' असे विचारले, की हल्ली पावसाच्या आधी रानडुकरांचे नाव निघते. पाहुणा विदर्भातला असेल तर रोह्यांचे. रात्रभर जागल करावी आणि पहाटे डोळा लागताच हरभरा तुडवला जावा! मग पंचनामा, अर्ज आणि कचेरीचे खेटे. या विषयावर आपण पुष्कळ बोलतो; पण बोलणे एकाच जागी येऊन थांबते, सरकारने भरपाई द्यावी. ती मिळालीच पाहिजे, यात वाद नाही. पण नुकसान होण्याच्या आधी काही करता येते की नाही? या प्रश्नासाठी आज आम्ही वाचकांना जरा दूर, अमेरिकेतील कोलोराडो राज्यात नेणार आहोत.

कोलोराडो आपल्या महाराष्ट्राहून थोडे लहान. लोकसंख्या साठ लाखांच्या घरात. पश्चिमेकडे रॉकी पर्वताच्या रांगा. तेथील डोंगराळ मुलखातला शेतकरी प्रामुख्याने गुरे आणि मेंढ्या पाळतो. त्याच्या विस्तीर्ण कुरण-शेताला तिकडे रँच म्हणतात. उन्हाळ्यात अनेकांची गुरे परवाना घेऊन सरकारी डोंगरावर चरतात. राज्यातील एकतृतीयांशाहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. इकडे खाली नदीकाठच्या कुरणात गवत वाढवायचे, कापायचे, त्याच्या गंजी लावायच्या आणि बर्फ पडले की तेच गवत गुरांना घालायचे, असा त्या घराचा वर्षाचा हिशेब. गंज गेली तर हिवाळा गेला.

त्याच डोंगरात एल्क राहतो. हा आपल्या सांबराचा मोठा भाऊबंदच म्हणा. भरल्या नराचे वजन तीनशे किलोच्या वर जाते. उन्हाळाभर तो उंचावरच्या रानात असतो. बर्फ दाटले की कळपच्या कळप खाली खोऱ्यात उतरतात. शतकानुशतके त्यांची हीच वाट. पण खोऱ्याच्या तळाशी आता घरे, कुरणे आणि गंजी आहेत. भुकेला कळप गंजीवर पडला की थोडे खातो आणि बाकीचे तुडवून, घाण करून ठेवतो. वाटेतले कुंपण मोडतो. वसंतात नवे गवत फुटले की गाई सोडण्याआधीच ते फस्त करतो.

जनावराचीही बाजू ऐकली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीने कोलोराडोतले एल्क जवळजवळ संपले होते. मग शेजारच्या वायोमिंग राज्यातून आणून ते पुन्हा सोडण्यात आले. आज त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात इतके एल्क नाहीत. दुसरीकडे माणसाचे कुंपण त्यांच्या जिवावर उठते. काटेरी तारेवरून उडी घेताना मागचा पाय वरच्या दोन तारांत पिळला गेला, की जनावर तेथेच लटकून मरते. कोलोराडो आणि यूटा राज्यांत झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दर अडीच मैल कुंपणामागे वर्षाला सरासरी एक हरीणवर्गीय जनावर असे अडकून मेलेले आढळले. म्हणजे नुकसान दोन्हीकडे होते.

यावर जुना उपाय भरपाईचाच होता. १९३० च्या दशकापासून तेथील कायद्याने अशा नुकसानीची जबाबदारी राज्याच्या वन्यजीव खात्यावर टाकली आहे, आणि ती आजही आहे. पण भरपाई येते ती नुकसान झाल्यावर. पैसे हातात पडतात, पुढच्या हिवाळ्यात कळप पुन्हा येतो. रँचवाला म्हणतो, कळप कमी करा. शिकारी म्हणतो, आम्ही परवान्याचे पैसे भरतो, कळप वाढवा. खात्याचा अधिकारी दोघांच्या शिव्या खातो. तिघे तीन दिशांना तोंडे करून बसले, की जनावराचाही बंदोबस्त होत नाही आणि माणसाचाही.

म्हणून १९९० साली तेथे हॅबिटॅट पार्टनरशिप प्रोग्रॅम, म्हणजे अधिवास-भागीदारीचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याला कायद्यातही स्थान मिळाले. कल्पना साधी आहे. भागाभागात एक स्थानिक समिती. तीत पशुपालकांचे तीन प्रतिनिधी, शिकाऱ्यांचा एक, राज्याच्या वन्यजीव खात्याचा एक आणि त्या भागात जमीन असेल त्याप्रमाणे केंद्राच्या वन खात्याचा व सार्वजनिक जमीन खात्याचा एकेक. आमच्या वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ज्याची गंज तुडवली जाते त्याला तीन जागा. तक्रार घेऊन दाराबाहेर उभा राहणारा माणूस येथे आत खुर्चीवर बसतो.

आणि नुसती खुर्ची नाही, पैसाही आहे. मोठ्या जनावरांच्या शिकार-परवान्यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा पाच टक्के वाटा या कामासाठी ठेवला जातो. समिती आपल्या भागाचा आराखडा करते. कळप कोठून उतरतात, कोठे अडतात, कोणाचे काय मोडते हे लिहून काढते आणि त्याप्रमाणे खर्च ठरवते. डोंगरावरची कुरणे सुधारायची, माजलेले तण काढायचे, जुनाट झुडपे ठरवून जाळायची, पाण्याची सोय करायची, म्हणजे कळप वरच जास्त दिवस थांबतो. एल्कने मोडलेले कुंपण दुरुस्त करायला शेतकऱ्याला साहित्य द्यायचे.

कुंपणाचेच पाहा. तेथील वन्यजीव खाते सांगते की वरची तार जमिनीपासून ४२ इंचांपेक्षा उंच नको, वरच्या दोन तारांत किमान १२ इंच अंतर हवे आणि खालची तार किमान १६ इंच वर हवी. एवढ्या फरकाने मोठे जनावर वरून उडी मारून जाते, पाडस खालून निघून जाते, आणि गाय मात्र आतच राहते. ही गोष्ट कोणत्या मोठ्या यंत्राची नाही. ज्याने तार ओढली आणि ज्याने तारेत अडकलेले जनावर पाहिले, ते दोघे एका बाकावर बसले तर सुचण्यासारखी आहे.

यात जादू नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायव्य कोलोराडोत इतके बर्फ पडले की हरणे आणि एल्क मोठ्या संख्येने मेले आणि खात्याला शिकारीचे परवाने कमी करावे लागले. निसर्गापुढे समिती काय करणार? पण संकटाच्या वेळी ओळखीचा माणूस असणे आणि नसणे यात फरक असतो.

तो फरक त्याच राज्यात दुसऱ्या एका प्रकरणात दिसला. लांडगा मूळचा तेथलाच. १९४० च्या दशकापर्यंत माणसाने तो संपवला. त्याला परत आणावे की नाही, यावर २०२० साली राज्यभर मतदान झाले. बाजूने सुमारे ५१ टक्के मते. डेन्व्हर, बोल्डरकडील शहरी मतांनी पारडे झुकले; लांडगे सोडायचे होते त्या पश्चिम भागातील बहुतेक जिल्ह्यांनी विरोध केला होता. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगनहून आणलेले दहा लांडगे सोडले गेले. २०२४ मध्ये गुरे-मेंढ्या मारल्या जाऊ लागल्या आणि ओरड सुरू झाली. एका जनावरामागे १५ हजार डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद असूनही राग गेला नाही. कळपांबरोबर घोड्यावरून फिरणारे राखणदार नेमण्याचा सरकारी कार्यक्रम २०२५ साली सुरू झाला. हे आधी झाले असते तर? लांडगा आणणे चूक, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याच्या गोठ्याशी तो येणार, त्याला आधी बोलावले पाहिजे होते.

आता जी गोष्ट आम्हाला टोचते तीही सांगतो. समितीत पशुपालकांना तीन जागा. पण मेंढ्यांबरोबर महिनोन्‌महिने डोंगरात राहणारा मेंढपाळ कोण? बहुधा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून हंगामी परवान्यावर आलेला मजूर. लांडग्याची पहिली चाहूल त्यालाच लागते. त्याच्यासाठी वेगळी जागा नाही. आणि या खोऱ्यांचे मूळ रहिवासी यूट लोक? १८८१ साली त्यांच्यापैकी बहुतेकांना पश्चिम कोलोराडोतून हाकलून यूटात नेले गेले. राज्यात आज त्यांच्या वाट्याला नैर्ऋत्य कोपऱ्यातील दोन राखीव प्रदेश उरले आहेत. भागीदारी हा शब्द चांगला आहे; पण यादीत कोणाचे नाव नाही, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

आपल्याकडे काय घेता येईल? पैशाची ती सोय नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण बैठक घेता येते. ग्रामसभा आहे, संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, २००६ चा वनहक्क कायदा आहे. डुकरे कोणत्या ओढ्याने येतात, रोह्यांचा कळप कोठे बसतो, हे गावाला ठाऊक असते आणि खात्याला विचारावे लागते. मग पिकाचा पंचनामा करण्याआधी रानाचा नकाशा एकत्र बसून का काढू नये?

आणि त्या बैठकीत केवळ बागाईतदार नको. माळावर दुसऱ्याच्या शेताची जागल करणारा भूमिहीन मजूर हवा, शेळ्या राखणारी बाई हवी, सरपणाला रानात जाणारी आजी हवी. डुक्कर अंगावर येते ते सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहून येत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय वाचकांनी काढावा. भरपाईचा अर्ज जरूर भरावा. पण त्याआधी आपली खुर्ची मागून घ्यावी.