कोंबडीच्या वाट्याची सावली

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाऊ लागला, म्हणजे माणसांनी दुपारी बाहेर पडू नये, गुरे उन्हात बांधू नयेत, अशा सूचना तालुक्याच्या कचेरीपासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत सर्वत्र जाहीर होतात. परंतु परसात दहा-पंधरा कोंबड्या बाळगून त्यांच्या अंड्यांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि अडीअडचणीचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीला उद्देशून त्यांत एखादी ओळ क्वचितच आढळते. हे धन बहुधा स्त्रीच्या हातचे असते. पशुगणनेच्या दप्तरात त्याची मोजदाद होते हे खरे, पण एका दुपारी त्यातल्या चार कोंबड्या गेल्या तर पंचनाम्याला कोण येणार? ही उपेक्षा थांबली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

यावर कोणी म्हणेल, की देशी कोंबडी मुळातच काटक. तिला उन्हाचे काय? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. गावरान कोंबडी अंगाने हलकी आणि चपळ असते, आणि ऊन चढू लागताच चिंचेचा बुंधा, कुडाची आडोशाची बाजू, सांडपाण्याने ओलावलेली केळीखालची माती ती स्वतःच हुडकून काढते. तिच्या काटकपणात या स्वातंत्र्याचा वाटा फार मोठा आहे. ज्या परसातले झाड तुटले, अंगणावर कोबा आला आणि कौले जाऊन पत्रा चढला, तेथे तिने जावे कोठे? शिवाय वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती गावरानपेक्षा वजनाने भारी असतात, आणि भारी देहातली उष्णता बाहेर पडणे अधिकच कठीण.

कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत. तिच्या शरीराचे तापमान मूळचेच ४१ अंशांच्या आसपास असते, आणि बाहेरची हवाही त्या पातळीला पोहोचली, की तुऱ्यातून, चोचीखालच्या लोंबत्या लाल कातडीतून व पायांतून उष्णता सोडण्याचा तिचा नित्याचा मार्ग बंद होतो. मग उरते ती केवळ धाप. भर दुपारी खुराड्यापाशी क्षणभर थांबून पाहावे : चोच उघडी, पंख अंगापासून सुटे धरलेले, गळ्याची कातडी भराभर थरथरते आहे, श्वासावाटे वाफ टाकून ती देह निववीत असते. या धापेत रक्तातला कर्बवायू वाजवीपेक्षा अधिक निघून जातो, आणि अंड्याच्या कवचाला लागणारा चुना नीट जमेनासा होतो. वैशाखात पातळ कवचाची, हात लागताच तडकणारी अंडी येतात, त्याचे एक कारण हे आहे.

ज्या जिवाजवळ पाण्याखेरीज दुसरा इलाज नाही त्याचे पाणी उन्हात ठेवणे, हा माझ्या मते या बाबतीतला सर्वांत मोठा कसूर होय. एरवी कोंबडी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते आणि कडक उन्हाळ्यात त्याहून कितीतरी अधिक. पण तापलेले पाणी ती टाळते. म्हणून मातीचे पसरट भांडे सावलीतच असावे, एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी असावे, आणि त्यातले पाणी दुपारी बदलावे. दाणा मात्र भल्या पहाटे व ऊन उतरल्यावरच टाकावा, कारण पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तास वाढत राहते व सकाळी उशिरा दिलेला दाणा ऐन दुपारी अंगावर येतो. छपराला चुन्याचा हात देऊन त्यावर पऱ्हाट्या, तुराट्या किंवा पाचट अंथरावे. विदर्भाच्या कोरड्या हवेत खुराड्याच्या बाजूंना ओले गोणपाट लावण्याने फार लाभ होतो. कोकणच्या दमट हवेत मात्र त्याच गोणपाटाने कोंदटपणा वाढतो, आणि तेथे वारा खेळता ठेवणे हाच खरा उपाय ठरतो. रात्री मुंगसाच्या भीतीने खुराडे गच्च बंद करण्याऐवजी दाराला बारीक जाळी बसवावी. दुपारी कोंबड्यांना पकडण्यासाठी मागे धावू नये. विक्री असो वा लस टोचणे, ते काम पहाटे किंवा रात्री व्हावे. एखादी मलूल होऊन पडलीच, तर तिला सावलीत नेऊन मानेपर्यंतचे अंग साध्या गार पाण्यात बुडवावे.

गृहिणीने इतके केले, तरी सरकारी खात्याची जबाबदारी संपत नाही. योजनेतली पिले एप्रिल-मे महिन्यांत वाटणे बंद व्हावे. राणीखेत, म्हणजे खेड्यातली मानमोडी, हिची लस माघ-फाल्गुनातच टोचून व्हावी, कारण उन्हाने खचलेल्या कोंबडीला रोग लवकर गाठतो, आणि थंडाव्यात न ठेवलेली लस निरुपयोगी होते. सरकारी पैशाने जेथे कोंबड्यांचा निवारा उभा राहतो, तेथे अंदाजपत्रकात पत्र्यावरच्या आच्छादनाची आणि दोन झाडांची तरतूद असावी. बचत गटातील भगिनींनी हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच मांडावा. १ मेच्या सभेची वाट पाहिली, तर तोवर निम्मा उन्हाळा उलटलेला असतो.