पंचांचा कौल की पंचक्रोशीचा?

अमेरिकेचा अध्यक्ष कोण व्हावा हे तेथील मतदार दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात ठरवितात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो अर्धाच खरा आहे. त्या दिवशी मतदारापुढे निवडून येण्याजोगी अशी दोनच नावे असतात, आणि ती दोन नावे कोणी ठरविली हा प्रश्न अंतिम निकालाइतकाच महत्त्वाचा आहे. ताटात काय वाढायचे हे ज्याच्या हाती, त्याने जेवणाऱ्याची निम्मी निवड आधीच उरकलेली असते. ही नावे पक्षातील जाणत्या धुरीणांनी ठरवावीत की सामान्य मतदारांनी, हा तेथील दोनशे वर्षांचा जुना वाद २०२४ सालच्या घटनांनी पुन्हा ऐरणीवर आणला आहे.

प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या काळात विधिमंडळातील पक्षसदस्यच एकत्र बसून उमेदवार नेमीत. १८२४ साली त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांना नेमले. देशाने ते मानले नाही, लोकांच्या मतांत अँड्र्यू जॅक्सन पुढे गेले आणि 'राजा कॉकस' म्हणून हेटाळली जाणारी ती पद्धत मोडून पडली. तिच्या जागी राष्ट्रीय अधिवेशने आली. ही व्यवस्था सर्वस्वी टाकाऊ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६० साली शिकागोच्या अधिवेशनात सेवर्ड यांचे पारडे जड असताना तिसऱ्या फेरीत लिंकन यांची निवड झाली, ती प्रतिनिधींच्या वाटाघाटींतूनच. परंतु याच व्यवस्थेने १९२० साली वॉरन हार्डिंग यांना पुढे केले, आणि शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातील ती धुराने कोंदलेली खोली गुप्त सौदेबाजीचे प्रतीक होऊन बसली. १९१२ साली तर ज्या राज्यांत प्रायमरी म्हणजे पक्षांतर्गत निवडणुका झाल्या, त्यांतील बहुतेक थिओडोर रूझवेल्ट यांनी जिंकल्या असतानाही रिपब्लिकन अधिवेशनाने टॅफ्ट यांनाच उमेदवारी दिली. पक्ष दुभंगला आणि विजय विल्सन यांच्या पदरात पडला.

या व्यवस्थेचा कडेलोट १९६८ साली झाला. व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध तरुण पिढी पेटून उठली होती. अध्यक्ष जॉन्सन यांनी माघार घेतली होती. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली होती. अशा वेळी डेमोक्रॅटिक पक्षाने एकही प्रायमरी न लढलेले ह्यूबर्ट हंफ्री यांना उमेदवार केले, आणि शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर नियम बदलले व प्रायमरींना निर्णायक महत्त्व आले. ज्या समितीने हे बदल सुचविले, तिचे आरंभीचे अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच १९७२ साली उमेदवार झाले. पण ५० पैकी ४९ राज्यांत त्यांचा पराभव झाला. धुरीणांना वाटले, लोकांच्या हाती दिलेली दोरी जरा आवळली पाहिजे. म्हणून १९८४ पासून पक्षनेत्यांना 'सुपरडेलिगेट' या नात्याने स्वतंत्र मत मिळाले. २०१६ साली सँडर्स यांच्या अनुयायांचा त्यावर रोष झाला आणि २०१८ साली अधिवेशनाच्या चुरशीच्या पहिल्या फेरीतील त्यांचे मत काढून घेण्यात आले.

लोकांच्या निवडीतही दोष आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१६ साली, एवढी चुरस असूनही, प्रायमरींत पात्र मतदारांपैकी तीनदशांशांहूनही कमी लोकांनी मत दिले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षात डोनाल्ड ट्रंप यांना एकूण मतांपैकी निम्म्याहून कमी मते मिळाली. विरोधकांची मते अनेकांत विभागली गेल्याने पक्षातील वडीलधाऱ्यांचा विरोध असूनही उमेदवारी त्यांच्याकडे गेली. म्हणजे ज्याला आपण लोकांचा कौल म्हणतो, तो पुष्कळदा थोड्यांतल्या थोड्यांचा कौल असतो.

मग धुरीणच बरे काय? २०२४ सालाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. अध्यक्ष बायडेन यांचे वय ८१ होते. त्यांच्या वयाविषयी जनतेत उघड शंका होती. तरीही पक्षाने त्यांच्यापुढे खरी स्पर्धा उभी राहू दिली नाही. फ्लॉरिडात पक्षाने एकच नाव पाठविल्याने प्रायमरी झालीच नाही. २७ जूनच्या जाहीर वादविवादात जे साऱ्या देशाने पाहिले, त्यानंतर तेच धुरीण जागे झाले आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. पुन्हा मतदान घेण्यास वेळ उरला नव्हता, हे खरे. कमला हॅरिस यांची निवड प्रतिनिधींनी केली; त्या वर्षीच्या प्रायमरींत अध्यक्षपदासाठी त्यांच्या नावावर कौल मागितलाच गेला नव्हता. नोव्हेंबरात त्यांचा पराभव झाला. दुसरा उमेदवार जिंकला असता की नाही, हे सांगणे व्यर्थ आहे. तो आजमावण्याची संधी मतदारांना मिळाली नाही, एवढे मात्र निश्चित.

आमच्या मते या वादात साक्षीदार आणि न्यायाधीश यांच्या भूमिकांची गल्लत होत आहे. उमेदवाराबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांना त्याचा स्वभाव, त्याचा वकूब, त्याची प्रकृती ठाऊक असते. व्यासपीठासमोर बसलेल्या मतदाराला ती ठाऊक नसते. म्हणून जाणत्यांनी साक्ष द्यावी, ती वेळेवर व उघडपणे द्यावी. निकाल मात्र मतदारांनीच द्यावा. कारण जेथे दोनच पक्ष सत्तेवर येऊ शकतात, तेथे पक्षाची उमेदवारी ही त्या पक्षाची खाजगी बाब राहत नाही. २०२४ साली साक्षीदार गप्प राहिले आणि वेळ टळून गेल्यावर न्यायासनावर जाऊन बसले, हा खरा दोष होय. विद्यमान अध्यक्षालाही प्रतिस्पर्ध्यांसमोर उभे राहण्यास भाग पाडणे आणि पसंतिक्रमाने मत घेणे, हे दोन उपाय तरी अशक्य नाहीत. पसंतिक्रमाचे मत आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत प्रथमपासून आहे. २०२० साली अलास्का, हवाई, कॅन्सस व वायोमिंग या राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षानेही ते अवलंबिले होते.

अमेरिकेला हे सांगताना आपल्या घराकडे पाहिले पाहिजे. तेथे कौल कोणाचा घ्यावा यावर वाद आहे. आपल्याकडे कौल घेण्याचीच चाल नाही. इच्छुकांनी मुंबई-दिल्लीचे उंबरे झिजवावेत, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो याची वाट पाहावी आणि मतदारसंघातील साध्या कार्यकर्त्याला वर्तमानपत्रातून नाव कळावे, ही आपली रीत. २०१४ साली काँग्रेसने मोजक्या लोकसभा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेतले. तो प्रयोग पुढे रुजला नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे निवडून आलेला प्रतिनिधी पक्षादेशाने बांधला जातो. ज्याने उमेदवारी द्यायची त्यानेच पुढे त्याचे मतही ठरवायचे, मग मतदाराचा प्रतिनिधी उरला कोठे? अमेरिकेची नक्कल करावी असे आमचे म्हणणे नाही. पण मतदारसंघातील नोंदणीकृत सभासदांना गुप्त मतदानाने आपला उमेदवार सुचविण्याचा अधिकार द्यावा, आणि पक्षश्रेष्ठींना तो डावलायचा असेल तर त्यांनी कारण जाहीर करावे, एवढी मागणी कोणत्याही पक्षाला अवघड वाटू नये. वाटत असेल, तर त्या पक्षाच्या लोकशाहीनिष्ठेविषयी मतदाराने काय समजावयाचे ते समजावे.