घाटापलीकडचं पंढरपूर

मोडनिंबच्या स्टेशनातून पंढरपूरकडे जाणारी गाडी सरळ चंद्रभागेच्या गावी पोहोचवते. आषाढीला तिथे लाखोंची दाटी होते. एरवी त्याच गल्ल्यांमध्ये माणसं संसार करतात, दुकानं चालवतात.

नदीच्या वाळवंटातल्या वारकऱ्यांच्या राहुट्यांवर उच्च न्यायालयाने बंधनं घातली आणि पैलतीरावर 65 एकरांचा तळ उभा राहिला. पाणी, शौचालयं, दिवे यांची सोय झाली, तसा नदीपात्रावरचा भारही हलका झाला. मोकळी जागा नीट आखली, तर ती वारकरी आणि नदी या दोघांच्याही उपयोगी पडते, हे इथे दिसलं.

विठ्ठल मंदिराभोवतीच्या नियोजित कॉरिडॉरचा प्रश्न मात्र अवघड आहे. 2021 मध्ये काशी विश्वनाथ कॉरिडॉर खुला झाल्यानंतर इथेही तशाच रुंद वाटांची चर्चा सुरू झाली. घरं आणि दुकानं जाण्याच्या भीतीने रहिवासी व व्यापारी विरोधात उभे राहिले. शिवाय होळकर वाडा, शिंदे सरकार वाडा, जुने घाट ही तर गावाची ओळखच; तीही जपायला हवी.

गर्दीच्या सुरक्षिततेसाठी मोकळी जागा हवीच. पण आधी जवळच पक्की घरं आणि गाळे द्यावेत, वाड्यांची दुरुस्ती करावी, सांडपाणी नदीत जाणं थांबवावं. पाडकामाचा विचार त्यानंतरच व्हावा. सरकारने आराखडा रहिवाशांसमोर बसूनच पक्का करावा.