नळीच मागतोय हो, तोफ नाही

मंडळी, गाडीचं इंजिन कायमचं बसलं तर आपण काय करतो? आरटीओकडे अर्ज करतो, नवं इंजिन टाकतो आणि आरसी बुकात नवा नंबर चढवून घेतो. एजंट चकरा मारायला लावतो ते वेगळं. पण गाडी तीच राहते. "तुम्ही दुसरी गाडी घेताय, पहिल्यापासून सुरू करा" असं कोणी म्हणत नाही.

आता हाच न्याय पॉइंट टू-टूच्या टार्गेट पिस्तुलाला लावून बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यातलं कलम 2 वाचा. 'आर्म्स'च्या व्याख्येत हत्यारांबरोबर त्यांचे सुटे भागही येतात. म्हणजे चार-पाच इंचांची, ट्रिगर नसलेली, एकटी असताना चिमणीही उडवू न शकणारी नळी कायद्याच्या लेखी शस्त्रच. ती बाळगायला परवाना, परदेशातून आणायला कलम 10 खाली परवाना आणि ती बसवणाऱ्या कारागिराकडे कलम 5 चा परवाना. भांडुपला एलबीएस रोडच्या गाळ्यांमध्ये लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करणारे लोक आहेत, पण त्यांनी त्या नळीला हात लावला तर गुन्हा. (मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.)

नेमबाजीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. रिमफायर म्हणजे ज्या काडतुसाचा बार त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. पिन त्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. बॅरलच्या आत पीळ पाडलेला असतो, साधारण सोळा इंचात एक फेरा. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. 25 मीटरवरच्या प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं असतं. चांगलं बॅरल शिकंज्यात धरून मारलं तर सगळे शॉट त्यात मावून वर जागा उरते. खराब बॅरलमध्ये तुमचा हात देवासारखा स्थिर असला तरी आठ पडतो.

"पॉइंट टू-टूचं बॅरल खराब होतंच कुठे, साफ करा की!" हे मला क्लबातल्या सगळ्या ज्येष्ठांनी ऐकवलंय. अर्धं खरं आहे. गोळी मऊ शिशाची, दाब कमी, त्यामुळे हजारो शॉट झाले तरी पीळ फारसा झिजत नाही. पुष्कळदा दोष आत चिकटलेल्या शिशाचाच असतो आणि ब्रश मारला की प्रश्न सुटतो. पण बॅरल मरायचे इतर रस्ते आहेत ना. कोणीतरी रिकामं पिस्तूल खटाखट चालवत बसतो आणि पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खळगा पडतो. मग काडतूस आत जाताना अडतं, रिकामं कवच बाहेर येताना अडतं. कोणी सळई समोरून खुपसतो आणि तोंडाची कड खरवडतो. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मुंबईचा जुलै. चार महिने हवेत पाणी, कपाटाला धड हवा नाही, तेलाचा हात फिरवायची जबाबदारी 'सगळ्यांची', म्हणजे कोणाचीच नाही. एकदा आत गंजाचे खड्डे पडले की कुठलाही ब्रश कामाचा नाही.

आमच्या क्लबात (नाव नको) असंच एक पिस्तूल आहे. पोरं त्याला 'आजोबा' म्हणतात. त्याच्या बॅरलची फाईल दुसरा पावसाळा बघतेय.

आता खरा आक्षेप. पीळ प्रत्येक गोळीवर आपल्या खुणा उमटवतो. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गोळी आणि हत्यार जुळवतात ते याच खुणांवर. बॅरल बदललं की खुणा बदलल्या. शिवाय गावठी कट्टेवाल्याला धड पिळाची नळीच तर बनवता येत नाही, मग ती बाजारात मोकळी कशी सोडायची? एकदम मान्य. मोकळी सोडा असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय, गॅस सिलिंडरसारखं करा. रिकामा द्या, भरलेला घ्या. जुनं बॅरल जमा करून नष्ट करायचं, त्याच कॅलिबरचं आणि त्याच लांबीचं नवं बसवायचं, त्यावरचा नंबर परवान्यावर चढवायचा. हवं तर प्रयोगशाळेसाठी दोन गोळ्या मारून द्यायच्या. पोलिसांकडे आजच्यापेक्षा जास्त माहिती जमेल, कमी नाही.

अमेरिकेचा दाखला देत नाही, तिथलं बंदूकप्रेम आपल्याला नको. जर्मनी बघा. तिथे बॅरल हा हत्याराचा मुख्य भाग मानतात आणि त्याची नोंद सक्तीची आहे. पण परवानाधारक नेमबाजाला त्याच कॅलिबरचं बदली बॅरल घेताना "गरज काय" हे पुन्हा सिद्ध करत बसावं लागत नाही. घ्या आणि नोंदवा.

आपल्याकडे नेमबाजांसाठी काहीच होत नाही असंही नाही. 2019 च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची हत्यारं तीनवरून दोनवर आली, पण 2020 साली गृह मंत्रालयाने काही नामांकित नेमबाजांना 12 पर्यंत मुभा दिली. छान झालं. राही सरनोबतने 2013 ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि 2018 ला जकार्ता-पालेंबांगच्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सोनं आणलं. अशांना सवलत मिळालीच पाहिजे. पण ज्याच्याकडे बारा हत्यारं असू शकतात त्याचं एक बॅरल गेलं तर तो दुसरं पिस्तूल उचलेल. मरण आहे ते भांडुपहून स्लो लोकलने दादर गाठून पुढे रेंजवर जाणाऱ्या कॉलेजच्या पोरीचं. तिच्याकडे स्वतःचं पिस्तूल नाही, वाट्याला 'आजोबा' येतात. दोन गुणांनी निवड हुकते आणि घरचे म्हणतात, "बघ, तुला जमत नाही, आता कॅम्पसकडे लक्ष दे."

दोन गुण म्हणजे किती? 2021 ला टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल हुकली ती दोनच गुणांनी. सगळ्या देशाने हळहळ व्यक्त केली. 'आजोबां'वर दर शनिवारी जे दोन-दोन गुण सांडतात त्यांची बातमी होत नाही.

आणि यासाठी नवा कायदा नको, नवं खातं नको. अर्जाला एक पान पुरेल. जुना नंबर, नवा नंबर, कारागिराचा परवाना क्रमांक, जुनं बॅरल जमा केल्याची पावती. खाली अधिकाऱ्याची सही, आणि सहीला तीस दिवसांची मुदत.